पकडलं जाण्याची भीती नसली की चांगल्या घरची माणसंही ग्राहक म्हणून लबाडी का करतात?

ताई, तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुम्ही घरून साड्या-कुर्ते ऑनलाइन विकता, आणि लग्नसराईत गेलेल्या साड्या चार दिवसांनी अत्तराच्या वासासकट परत येतात. परतीवर दंड लावावा का, ग्राहकाकडून लेखी हमी घ्यावी का, अशा बायकांची नावं व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावीत का, हेही विचारलंय. मी दुकानदार नाही. पण रेल्वेत ३१ वर्षं टीसी होतो, १९८९ ते २०२०, त्यातली बहुतेक मुंबईच्या लोकलमध्ये गेली. चांगल्या घरचा माणूस फुकट का जातो, हे मी रोज आठ तास उभ्याने पाहिलंय. तिकीट असो की साडी, मनात जे चालतं ते फार वेगळं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

घाटकोपरला लोकलच्या फलाटावरून पूल चढलात की तिथूनच मेट्रोकडे जाता येतं. ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर वर्षभराने असेल, सकाळी साडेनऊच्या सुमाराला मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिकीट विचारलं तर एक खिसा, दुसरा खिसा, मग बॅगेची चेन. टीसीला पहिल्या खिशालाच कळतं. ज्याच्याकडे पास असतो तो शोधताना बॅगेत बघतो, ज्याच्याकडे नसतो तो शोधताना आपल्या तोंडाकडे बघतो. शेवटी त्यांनी पाकीट उघडलं, आणि आतल्या कप्प्यात मेट्रोचं कार्ड दिसलं. पैसे भरलेलं. मी पावती फाडता फाडता विचारलं, "मेट्रोचं कार्ड भरता, मग लोकलचा पास का नाही काढत?" ते अगदी सरळपणे म्हणाले, "साहेब, तिथे पैसे नसतील तर दार उघडत नाही ना."

पंधरा मिनिटांच्या अंतरात एकच माणूस एका गाडीत फुकट्या होता आणि दुसऱ्या गाडीत चोख ग्राहक. लोकलच्या स्थानकांना दारंच नाहीत, कुठूनही शिरा, कुठूनही बाहेर पडा. मेट्रोत दार आहे. त्यांचे संस्कार पुलावर बदलले नव्हते. बदलला होता तो पकडलं जाण्याचा अंदाज.

या अंदाजाचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं गॅरी बेकर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने, १९६८ साली. पुढे १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला जाताना त्यांना उशीर झाला होता. गाडी पैसे भरून वाहनतळावर लावावी की नियम मोडून रस्त्यावरच, हा प्रश्न पडला. दंड किती, पकडले जाण्याची शक्यता किती, असा हिशोब करून त्यांनी गाडी रस्त्यावर लावली, आणि चालत जाता जाता त्यांच्या मनात विचार आला की नियम मोडणारे सगळे असाच हिशोब करत असतील. लोकलवर हे लावून बघा. समजा तिकीट १५ रुपयांचं आहे. पकडलं तर किमान २५० दंड आणि वर भाडं, म्हणजे २६५. साधारण अठरा फेऱ्यांत एकदाच सापडलात तर बरोबरी झाली. त्याहून कमी वेळा सापडलात तर फुकट जाणं फायद्याचं. पाच रुपयांच्या तिकिटाला तर एक्कावन्न फेऱ्यांत एकदा.

पण असा भागाकार मांडून फुकट जाणारे मला एकदाच भेटले, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. बाकी कुणालाच खरी शक्यता माहीत नसते. ती रेल्वेलाही नेमकी सांगता येणार नाही. माणूस चालतो तो मनातल्या शक्यतेवर, आणि ती फार बारीकसारीक गोष्टींवर ठरते. शेवटचा टीसी कधी दिसला होता. शेजारच्या काकांनी काय सांगितलं. आपल्या डोळ्यांदेखत कुणाला बाजूला घेतलं का. आमच्याकडे फोर्ट्रेस चेकिंग असायचं. एका स्थानकाचे सगळे पूल, सगळे जिने, रुळांकडची बाजूसुद्धा एकदम अडवायची, पन्नास-साठ टीसी, सोबत आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान. त्या दिवशी किती सापडले यापेक्षा मला दुसऱ्या दिवशीची तिकीट खिडकी बघायला आवडायचं. रांग जिन्यापर्यंत यायची. आठ-दहा दिवस टिकायची, मग हळूहळू ओसरायची. खरी जोखीम त्या आठवड्यात वाढलेली नसायची, उलट आम्ही सगळे दुसऱ्या स्थानकाला गेलेलो असायचो. लोकांच्या मनातली वाढलेली असायची.

दंडाचंही तेच. २००४ मध्ये किमान दंड ५० चा २५० झाला. पाचपट. मला वाटलं होतं आता धंदा बसणार फुकट्यांचा. पण दंड पाचपट झाला तेव्हा टीसी पाचपट झाले नव्हते, आणि लोकांना ते दिसत होतं. थोडे दिवस बोलणं झालं, मग माझ्या पुलावर सगळं पूर्ववत. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती होणार हे किती पक्कं, याला माणूस जास्त घाबरतो. इटलीच्या बेकारिया या विचारवंताने हे १७६४ मध्येच लिहून ठेवलंय. मला ते वाचायला निवृत्तीनंतर मिळालं, पण कळलं होतं त्याच पुलावर.

मोबाइलच्या तिकिटाने तर हे आरशासारखं दाखवलं. रेल्वेचं तिकिटाचं ॲप स्थानकाच्या आवारात उभं राहून तिकीट काढू देत नसे, आधी बाहेर काढावं लागे, कारण नाहीतर सगळे टीसी दिसल्यावरच काढतील. मग स्थानकावर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून आत तिकीट काढायची सोय आली. लोकांनी त्या कोडचा फोटो मोबाइलमध्ये साठवला. काळा कोट दिसला की अंगठा हलायचा. मी समोरून चालत येताना माणसं खाली मान घालून तिकीट काढताना पाहिली आहेत. त्यांच्या लेखी तिकीट म्हणजे प्रवासाची किंमत राहिलीच नव्हती, ते टीसी दिसल्यावर उघडायची छत्री झालं होतं.

आता पैशाच्या पलीकडची जोखीम. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि दुकानदार मंडळी तिचा विचार सगळ्यात कमी करतात. एकदा ठाण्याला एका गृहस्थांना धरलं. हातात फाइल, पन्नाशी पार. त्यांनी वाद घातला नाही, पाचशेची नोट लगेच पुढे केली. पण हात थरथरत होता, आणि डोळे माझ्याकडे नव्हते, मागच्या जिन्याकडे होते. त्यांचा रोजचा ग्रुप त्याच गाडीने येत होता. "पावती नंतर द्या, आधी मला जाऊ द्या, हवे तर सगळे पैसे ठेवा," म्हणाले. अडीचशे रुपये त्यांना काहीच नव्हते. डब्यातल्या भजनी मंडळात ज्यांच्याशेजारी बसून ते टाळ वाजवत, त्यांनी आपल्याला टीसीजवळ उभं बघितलं तर, ही ती जोखीम. ग्राहकांचा अभ्यास करणारे लोक जोखमीचे प्रकार मोजतात तेव्हा पैशाच्या शेजारी समाजातली अब्रू आणि स्वतःच्या नजरेतली अब्रू, हे दोन वेगळे धरतात. त्या दिवशी मला ते दोन्ही दिसले.

आणि हाच धागा तुमच्या साड्यांकडे जातो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या लग्नात पुतणीने मोरपंखी रंगाची साडी नेसली होती. सुंदर दिसत होती. जेवताना ती वाकली तेव्हा पदराच्या आत, ब्लाउजच्या कडेला सेफ्टी पिनने काहीतरी टोचलेलं दिसलं. किंमतीचा टॅग. रविवारी साडी परत जाणार होती. मी एकटीला गाठून म्हटलं, बेटा, आमच्या भाषेत याला डब्ल्यूटी म्हणतात, विदाउट तिकीट. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "काका, एवढ्या मोठ्या कंपनीला एका साडीने काय होतं? सगळेच करतात." मी विचारलं, आपल्या नाक्यावरच्या दुकानातून आणली असतीस तर परत केली असतीस? लगेच म्हणाली, "छे! ते ओळखतात मला. त्यांच्याकडे कशी नेऊन देणार?"

माझ्यासाठी सगळं उत्तर त्या दोन वाक्यांत आहे. नाक्यावरच्या दुकानात पकडलं जाण्याची शक्यता फार मोठी नव्हती, दुकानदार साडीचा वास घेत बसला नसता. पण तिथे एक चेहरा होता. ऑनलाइन साडी परत न्यायला येतो तो पोऱ्या पिशवी बघतो, साडी बघत नाही, आणि साडी ज्या माणसाला त्रास देणार तो तिला दिसतच नाही. जोखीम शून्य आणि नुकसान कुणाचंच नाही, असं एकाच वेळी वाटतं. यातलं दुसरं पहिल्याच्या पाठोपाठ येतं, असं माझं ठाम मत झालंय. साइक्स आणि मॅट्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये माणूस चूक करताना मनाला कोणत्या सबबी देतो याची वर्गवारी केली होती. मी ती वाचली तेव्हा एकेक सबब ओळखीची निघाली. "रांग बघा केवढी, वेळ कुठे आहे." "रेल्वेला पाच रुपयांनी काय फरक पडतो." "उभं राहायला जागा नाही, तिकीट कशाचं काढू?" "आईला दवाखान्यात न्यायचंय." यातली एकही सबब मेट्रोच्या दाराशी कुणाला सुचत नाही. वाट मोकळी दिसली की मगच सबब सुचते.

म्हणजे भीती हेच सगळं का? असं मानलं तर माणसांवर अन्याय होईल. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांत काम करणाऱ्या परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना चुकीच्या ठिकाणी गाडी लावल्याचा दंड भरायला भागच पाडता येत नसे. १९९७ ते २००२ या पाच वर्षांत दीड लाखांहून जास्त पावत्या न भरता राहिल्या. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थतज्ज्ञांनी देशवार आकडे काढले. शहर तेच, रस्ता तोच, जोखीम सगळ्यांना सारखीच शून्य. तरी कुवेतच्या दर अधिकाऱ्यामागे वर्षाला २४६ पावत्या, आणि नॉर्वे, स्वीडन, जपान यांच्या नावावर एकही नाही. भीती काढून घेतली की प्रत्येकाच्या घरचं काय ते वर येतं. मग २००२ च्या शेवटी शहराने दंड न भरणाऱ्यांच्या गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि नियम मोडणं ९८ टक्क्यांनी खाली आलं. भीती आणि संस्कार, दोन्ही या एकाच किश्श्यात आहेत, म्हणून तो मला फार आवडतो. आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ४० देशांत १७ हजारांहून जास्त पाकिटं 'सापडलेली' म्हणून हॉटेलं, बँका, पोस्ट अशा ठिकाणी नेऊन दिली होती. पैसे असलेली पाकिटं बिनपैशाच्या पाकिटांपेक्षा जास्त परत आली, ४० टक्क्यांच्या जागी ५१. ठेवून घेतलं असतं तर कुणी विचारणारही नव्हतं. पण आत कुणाचे तरी पैसे आहेत, म्हणजे कुणीतरी हळहळतंय, हे दिसत होतं.

आता तुमचे तीन प्रश्न.

परतीवर दंड लावू नका. निदान पहिला उपाय म्हणून तरी नाही. वर म्हटलं ते भागाकारवाले लोक म्हणजे कॉलेजची सहा-सात मुलं होती. दर महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये काढायचे, भिशीसारखे. जो सापडेल त्याचा दंड त्यातून. पकडल्यावर त्यातला एक मला हसत म्हणाला, "काका, या महिन्याचा पहिलाच." चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला अशी एक संघटना २००१ पासून उघडपणे असा निधी चालवते, सभासद महिन्याला शंभरेक क्रोना भरतात. दंडाची एकदा किंमत झाली की अपराध उरत नाही, व्यवहार उरतो. इस्रायलच्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर असाच प्रयोग झाला, २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. आधी बाई ताटकळतात म्हणून धावत येणारे आता पैसे देऊन निवांत येऊ लागले. दंड बंद केला तरी आकडा खाली आला नाही. तुम्ही साडीमागे दोनशे रुपये लावलेत तर ज्या बायकांना आज थोडी तरी टोचणी आहे, त्यांना वाटेल, दोनशे रुपयांत कांजीवरम भाड्याने मिळाली, स्वस्तच. आणि जिला खरोखर रंग वेगळा आला म्हणून परत करायचीय ती बिचारी उगाच भरडली जाईल.

लेखी हमीचं फार मनावर घेऊ नका. फॉर्मच्या सुरुवातीलाच प्रामाणिकपणाची सही घेतली की लोक खरं लिहितात, असा एक अभ्यास २०१२ मध्ये फार गाजला होता, कंपन्यांनी तो उचललाही. त्यातली गाड्यांच्या अंतराची आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. सही करून घेण्यापेक्षा टॅगची जागा बदला. ब्लूमिंगडेल्स या अमेरिकन दुकानाने २०१३ मध्ये महागड्या ड्रेसना तीन इंची काळा प्लास्टिकचा टॅग समोर दिसेल असा लावायला सुरुवात केली. घरी घालून बघायला अडचण नाही, पण तो लावून समारंभाला जाता येत नाही, आणि एकदा काढला की ड्रेस परत घेत नाहीत. तुम्ही साडीला पदराच्या दर्शनी काठावर असा टॅग लावू शकता, निऱ्यांत किंवा ब्लाउजपीसला नको, तिथे सेफ्टी पिन चालते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टॅगसोबत पार्सल बंद करतानाचा फोटो ग्राहकाला आधीच पाठवा. ही तपासणी सगळ्यांना सारखी, आधीपासून माहीत असलेली आणि शांत आवाजातली हवी. पास असलेल्या म्हातारीला मी सुरुवातीच्या वर्षांत दरडावून विचारायचो. ती घाबरून पिशवीतली भाजी फलाटावर सांडायची. नंतर "काकू, सावकाश, गाडी गेली तरी चालेल" म्हणायला शिकलो. शंभरातल्या नव्वद ग्राहक तशा काकू असतात.

आणि त्या पार्सलमध्ये तुमचा चेहरा घाला. साडी कुठल्या गावच्या मागावरची, काठ कुणी निवडला, तुमचं नाव, तुमच्या हातची चार ओळींची चिठ्ठी. माझ्या पुतणीला "एवढी मोठी कंपनी" म्हणता आलं ते चेहरा नव्हता म्हणून. जमलं तर उलटी बाजूही करून बघा. मध्य रेल्वेने २०२५ मध्ये लकी यात्री नावाची योजना आणली, तिकीट किंवा पास असलेल्या एका प्रवाशाला रोज १० हजार आणि आठवड्याला एकाला ५० हजार. दंडाच्या शक्यतेऐवजी बक्षिसाची शक्यता. साडी ठेवून घेणाऱ्यांतून महिन्याला एकीला ब्लाउजपीस दिलात तरी पुष्कळ.

नावं ग्रुपवर टाकण्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो, करू नका. १९९६-९७ चं असेल. कल्याणला अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा सापडला. सोबत वर्गातली मुलं-मुली होती, त्या सगळ्यांकडे पास होते. याच्याकडेच नव्हता. तो हळू आवाजात म्हणत होता, सर, बाजूला चला, देतो. मी तरुण होतो, तापलो होतो. त्याला तिथेच उभा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. मुली दुसरीकडे बघायला लागल्या. त्याने पैसे दिले आणि गेला. महिन्याभराने तो पुन्हा दिसला. पुन्हा विनातिकीट, पण या वेळी तो शोधल्याचं नाटकही करत नव्हता. "नाहीय तिकीट, फाडा पावती," म्हणाला, मोठ्याने, मित्रांसमोर. त्याला रोखून धरणारी एकच भीती होती, ती लोकांसमोर लाज जाण्याची, आणि ती मी आधीच खर्च करून टाकली होती. त्यानंतर तो वर्षभर मला दिसत राहिला, आणि एकदाही तिकीट काढलेलं नव्हतं.

यादी तुमच्या वहीत ठेवा. त्यातल्या कुणी पुन्हा साडी मागवली तर पाठवायच्या आधी फोन करा, नावाने हाक मारा, मागच्या वेळी साडी का परत केली ते आपुलकीने विचारा, आणि या वेळी टॅग कुठे असेल ते सांगा. फोनवर त्या क्षणभर गप्प झाल्या तर तुम्हीही गप्प राहा.